तीन मिनिटांचा बहाद्दर

माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा काही नेम नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांना, आपण गेली बावीस वर्षे एकाच न्हाव्याकडे केस कापून घेतो याचा अभिमान आहे. माझ्या एका सहकाऱ्याला चहात साखर लागत नाही. आणि हा अभिमान तो दिवसातून चार वेळा, चहाच्या प्रत्येक कपाबरोबर, आम्हा सर्वांना पाजतो. मला अभिमान होता तो माझ्या वेगाचा. मी बुद्धिबळ खेळतो, मोबाइलवर खेळतो, आणि सबंध डाव तीन मिनिटांत खेळतो.

ज्यांना या व्यसनाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. या खेळाला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ वीज. सगळ्या डावासाठी तुम्हाला तीन मिनिटे, समोरच्याला तीन मिनिटे. समोरचा कधी पोलंडमध्ये असतो, कधी ब्राझीलमध्ये. त्याचा चेहरा दिसत नाही, नाव बहुधा खोटे असते; दिसते ते फक्त त्याचे घड्याळ आणि त्याच्या नावापुढचा आकडा. हा आकडा म्हणजे त्याची या जगातली पत. मूळचे हंगेरीतले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आर्पाड एलो नावाचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. खेळाडूचे बळ आकड्यात मोजण्याची त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. मोबाइलवरची पद्धत ही तिचीच सुधारलेली नात. माझा आकडा २११४ होता. ज्याला यातले कळते तो हा आकडा ऐकून भुवया उंचावतो. ज्याला कळत नाही तो विचारतो, “त्याचे पैसे मिळतात का?” आमच्या घरात दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे बहुमत आहे.

“तुमचं ते तीन मिनिटांचं झालं का? दूध उतू गेलंय,” असे बायको म्हणते, तेव्हा वास्तविक तीन मिनिटे होऊन पाऊण तास झालेला असतो. कारण डाव जिंकला की आणखी एक खेळावासा वाटतो, आणि हरला की खेळलाच पाहिजे असे वाटते. थांबण्याची जागा या खेळात ठेवलेलीच नाही.

हा खेळ मला शिकवला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मिरजेच्या आमच्या जुन्या घरामागे विहीर आहे. तिच्या कट्ट्यावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी अण्णा पट मांडत. विहिरीला लागून एक खोली आहे, तीत आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी राहत, आणि जाता-येता “कोन हरलं?” असे विचारीत. हरणारा बहुधा मीच असे. अण्णा शाळामास्तर होते, गणित शिकवीत, आणि डावही गणितासारखाच, एकेक पायरी मांडून खेळत. एका खेळीला वीस वीस मिनिटे लावीत. मे महिन्यात ते मला सांगलीला घेऊन जात. तिथल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहायच्या, कोपऱ्यात उभे राहून, श्वाससुद्धा मोठ्याने न घेता. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तीत आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे वेंकय्या असे दोघे संयुक्त विजेते ठरले, ही हकिगत अण्णांनी मला किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. खाडिलकर भगिनींचे डाव वर्तमानपत्रातून कापून त्यांनी एका वहीत चिकटवून ठेवले होते. ती वही अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अधू झाला आणि बोलणे अडखळू लागले. आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणले. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. बुद्धी शाबूत असते, काय म्हणायचे तेही माणसाला पुरते ठाऊक असते, पण शब्द हाताशी येत नाही. उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला बजावले होते, “त्यांना वेळ द्या. शब्द त्यांच्या तोंडात घालू नका.” त्यांचे वाक्य संपायच्या आतच मी “हो, हो, अगदी बरोबर!” म्हणालो होतो.

आणि मग मी काय केले? अण्णा “च… च…” म्हणाले की मी म्हणे, “चहा? आणतो!” आणि चहा आणून ठेवी. चहा निवून जाई. कधी तरी संध्याकाळी कळे, की चष्मा हवा होता. पण अशा चुका मी मनावर घेत नसे. दहांतली सात अनुमाने बरोबर येत. आणि तीन मिनिटांच्या खेळात दहांत सात म्हणजे उत्तम.

मिरजेचे घर विकण्याचा प्रश्नही मी असाच झटपट सोडवला. थोरला भाऊ बेंगळुरूला, मी पुण्याला, घर गळते आहे, बघणार कोण? गिऱ्हाईक चांगले आले होते. आम्ही अण्णांपुढे विषय काढला. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग “वि… वि…” करू लागले. मी म्हटले, “विकून टाकू या, हो ना?” त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. भावाने त्याच संध्याकाळी इसार घेतला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव होते, म्हणून तेवढे खरेदीखत राहिले. माझ्या लेखी मात्र डाव संपला होता.

गेल्या वर्षी डिसेंबरात मला दुर्बुद्धी झाली आणि मी एका खऱ्या स्पर्धेत नाव घातले. खरी म्हणजे लाकडी सोंगट्यांची, समोर माणूस बसलेली, प्रत्येकाला नव्वद मिनिटे आणि शिवाय प्रत्येक खेळीला तीस सेकंद वाढवून देणारी. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर अकरा वर्षांची एक मुलगी आली. खुर्चीवर बसली तर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने पाण्याची बाटली उजवीकडे ठेवली, पेन डावीकडे ठेवले, आणि पटाकडे बघत बसली. बघत म्हणजे किती! मी खेळी करायचो, उठायचो, सभागृहाला एक फेरी मारून यायचो. तरी ती बघतच असायची.

अडीच तासांनी पटावर तिचा राजा, हत्ती आणि एक प्यादे उरले. माझा राजा आणि हत्ती. माझ्या घड्याळात बावन्न मिनिटे शिल्लक होती, तिच्या घड्याळात चार. तीन मिनिटांच्या खेळात एवढ्या फरकाने मी जग जिंकले असते. इथे मी नऊ खेळ्यांत हरलो.

तिने माझ्याशी हस्तांदोलन केले आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, “काका, हत्ती तिसऱ्या ओळीत ठेवला असतात ना, तर बरोबरी होती.”

घरी आलो तो थेट फोन करायला बसलो. माझा एक जुना विद्यार्थी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला तो माझ्याच पेपरात नापास झाला होता. अशा माणसाकडे शिकायला जाताना प्राध्यापकाच्या जिवाचे काय होते, ते दुसऱ्या प्राध्यापकालाच कळेल. पण तो मोठ्या मनाचा निघाला. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि माझे मोबाइलवरचे खाते उघडून पाहिले.

“सर, अकरा हजार चारशे डाव खेळलात तुम्ही!” तो म्हणाला. आवाजात आदर होता असे मला त्या वेळी वाटले. मी मनातल्या मनात हिशेब केला. डावाला पाच मिनिटे धरली तरी साडेनऊशे तास. म्हणजे न जेवता, न झोपता चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. एवढ्या वेळात मी एखादा प्रबंध लिहिला असता.

“एक विचारू, सर? यातले किती डाव तुम्ही नंतर पुन्हा उघडून पाहिलेत?”

मी गप्प बसलो. एकही नाही. हरलेला डाव मी कधीच पाहिला नव्हता. तो झाकण्यासाठीच तर मी लगेच पुढचा सुरू करीत असे.

“सर, तुम्ही आम्हाला सांगायचात, गाईड वाचून पास व्हाल, पण कविता कळणार नाही. तुमची ही सुरुवात बघा. सगळी गाईडातली आहे.”

तो म्हणत होता ते खरे होते. माझे एक लाडके शस्त्र म्हणजे स्टॅफर्ड गॅम्बिट नावाचा सापळा. यात काळ्याने सुरुवातीलाच एक प्यादे देऊन टाकायचे. पांढऱ्याने घाईत चार सरळ दिसणाऱ्या खेळ्या केल्या, की त्याचा वजीर जातो किंवा राजाला मात बसते. पण त्याने दोन मिनिटे शांतपणे विचार केला, तर काळ्याजवळ उरते काय? एक प्यादे कमी आणि फजिती. समोरच्याला विचार करायला वेळ नाही, एवढ्या एका भांडवलावर माझे दुकान चालले होते.

“म्हणजे झटपट खेळणं वाईटच म्हणायचं?” मी थोड्या घुश्शातच विचारले.

“छे, छे!” तो म्हणाला आणि त्याने मला दोन उदाहरणे दिली. १९७० साली युगोस्लाव्हियात हर्सेग नोव्ही या गावी जगातल्या बड्या बड्या खेळाडूंची ब्लिट्झ स्पर्धा झाली. तीत बॉबी फिशरने २२ डावांत १९ गुण मिळवले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपली नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवी कोनेरू हंपी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. शेवटी निकाल लागला तो कमी वेळाच्या जलद डावांत, आणि तो दिव्याने आपल्या बाजूने लावला. “वेग लागतोच, सर. पण त्यांचा वेग आधी सावकाश शिकलेल्या गोष्टींचा आहे. तुमचा नुसताच वेग आहे.”

पुढे मी याविषयी थोडे वाचले, तेव्हा त्याच्या बोलण्यातले मर्म मला उमगले. आड्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने लहानमोठ्या खेळाडूंपुढे अवघड स्थिती मांडून त्यांना मोठ्याने विचार करायला लावले होते. थोर खेळाडू इतरांपेक्षा फार पुढच्या खेळ्या मोजत असतील अशी आपली समजूत. तसे आढळले नाही. चांगली खेळी त्यांना आधी दिसत होती, एवढेच. पट काही क्षणच दाखवून झाकला तरी ते तो जवळजवळ जसाच्या तसा मांडीत. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकेतल्या दोघांनी सोंगट्या कशाही विस्कटून मांडल्या. त्याबरोबर थोर खेळाडूंची ही करामत जवळजवळ नाहीशी झाली! म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती. अर्थपूर्ण मांडण्या वर्षानुवर्षे न्याहाळून डोळ्यांत साठवलेल्या होत्या. घाईच्या वेळी माणूस त्या साठ्यातूनच काढतो. मी मात्र अकरा हजार डावांत माझ्याच चुका साठवीत आलो होतो, आणि घाईच्या वेळी त्याच चटकन हाताला लागत होत्या.

शिष्याने मला जो अभ्यास नेमून दिला तो थोडक्यात सांगतो. दिवसाला तीनच झटपट डाव, तेही खेळीमागे दोन सेकंद वाढवून मिळणारे. असे घड्याळ फिशरनेच सुचवले. त्यामुळे नुसत्या वेळेवर मारलेला डाव पचत नाही. लागोपाठ दोन हरलो की मोबाइल कपाटात. प्रत्येक डाव वहीत उतरवायचा आणि यंत्राला विचारण्यापूर्वी स्वतः तपासायचा. “यंत्र चूक कुठे झाली ते सांगेल, सर. का झाली ते तुम्हीच सांगायचं.” कोडे सोडवताना शेवटपर्यंतचे उत्तर आधी लिहायचे, मगच पहिली सोंगटी हलवायची. आठवड्याला एक शेवटचा डाव शिकायचा.

पहिला शिकलो तो अर्थात त्या मुलीचा. अठराव्या शतकात फिलिडोर नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होऊन गेला. पेशाने संगीतकार, ऑपेरा लिहिणारा; पण त्याचे नाव आज घेतात ते बुद्धिबळासाठी. त्याने १७७७ साली दाखवून दिले आहे, की हत्तीविरुद्ध हत्ती आणि प्यादे असताना बचाव करणाऱ्याने आपला हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीत कुंपणासारखा उभा करावा. त्या कुंपणापलीकडून शत्रूचा राजा आत येऊ शकत नाही. प्यादे पुढे सरकून त्या ओळीत आले, की मग हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यावा आणि मागून शह देत राहावे. आता राजाला त्या प्याद्याचा आडोसाही उरत नाही. एवढे सोपे आहे. पण मला ते करता आले नसते, कारण थांबायचे होते. हत्ती एका ओळीत ठेवून, काहीही न करता, समोरचा काय करतो ते बघत राहायचे होते.

दोन महिन्यांनी शिष्याने माझ्या हरलेल्या चाळीस डावांची वही मागितली. वास्तविक उत्तरपत्रिका तपासणे हा माझा धंदा. लाल शाईने मी दुसऱ्यांच्या किती चुका अधोरेखित केल्या असतील! पण त्या वहीत स्वतःच्या चुकांना लाल खुणा करताना पेन जड झाले होते. आम्ही त्या चुकांची वर्गवारी केली. सुरुवात न कळल्यामुळे हरलेले डाव नऊ. खरोखर अवघड, माझ्या बुद्धीपलीकडचे डाव सहा. राहिले पंचवीस. या पंचवीस डावांत चूक एकच होती. माझी पुढची खेळी माझ्या मनात आधीच तयार होती, आणि समोरच्याने नुकतीच काय खेळी केली ते मी पाहिलेच नव्हते.

“तुम्ही भराभर खेळता म्हणून हरत नाही, सर,” तो म्हणाला. “तुम्ही एकटेच खेळता म्हणून हरता.” मग तो जरा ओशाळून हसला. “रविवारी एक लांब डाव खेळा. तासाभराचा. समोर असं कोणी हवं, जो तुमच्यापेक्षा हळू खेळेल. आणि त्याची खेळी चालली असताना हातांवर बसायचं. जुनी शिकवण आहे, सर. खरोखरच हात मांडीखाली घ्यायचे. आहे का घरी कोणी?”

“वडील आहेत,” मी म्हणालो. म्हणालो खरा, पण मग माझ्या लक्षात आले, की झटका आल्यापासून अण्णांनी पटाला हात लावलेला नाही, आणि मीही कधी विचारलेले नाही.

पहिल्या रविवारी मी त्यांच्यापुढे पट मांडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पटाकडे पाहिले. उंट एका घरात थोडा वाकडा होता, तो त्यांनी डाव्या हाताने सरळ केला. मग राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. या एका खेळीला त्यांना सहा मिनिटे लागली. मी हातांवर बसलो होतो. हाताला मुंग्या आल्या. सहा मिनिटांत मी एरवी एक डाव हरून दुसरा सुरू केला असता. पण मौज अशी, की चौथ्या मिनिटाच्या सुमारास मला प्रथमच पट दिसू लागला. अण्णा कुठे बघत आहेत ते दिसू लागले. त्यांची नजर एका घरावर जाई, परत येई, पुन्हा जाई; आणि मग ते जी खेळी करीत तिच्यामागे ही सगळी येजा असे. तो डाव मी हरलो. दुसऱ्या रविवारचाही हरलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावून विचारी, “काय? अण्णांनी हरवलं वाटतं?” आणि अण्णा हसत. त्यांना हसताना मी कितीतरी महिन्यांनी पाहत होतो.

पाचव्या रविवारी डाव ऐन रंगात आला होता. खेळी अण्णांची होती. त्यांचा डावा हात हत्तीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ते पटाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“वि…” ते म्हणाले. “वि…”

माझ्या ओठांवर शब्द आला होता. कोणता ते सांगायला नको. पण मी हातांवर बसलो होतो, आणि पाच रविवारांच्या सवयीने जीभही जागच्या जागी राहिली.

“वि… हीर,” अण्णा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला ऐकू येत होता. “विहिरी… जवळ… खोली.” पुन्हा तेवढाच वेळ. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “मावशी… ना… शब्द… दिलाय.”

त्यांचे हे एवढे वाक्य पुरे व्हायला चार मिनिटे लागली असतील. चार मिनिटे! आणि हेच वाक्य सांगायला त्यांनी आठ महिन्यांपूर्वी सुरुवात केली होती. त्याच दोन अक्षरांवर मी त्यांना अडवले, माझा शब्द त्यांच्या तोंडात कोंबला आणि घर विकायला काढले. त्यांनी मान हलवली होती ती होकाराची नव्हतीच. दमलेल्या माणसाने डाव सोडून द्यावा, तशी ती होती. मावशींचे वय आज सत्तरीच्या पुढे. तीस वर्षे त्यांनी आमच्या घरी राबून काढली. जगेपर्यंत ही खोली तुमची, असे अण्णांनी त्यांना कधी तरी सांगितले होते, आणि आम्हा दोघा भावांना ते ठाऊकही नव्हते. ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याला मी बोलू दिले नव्हते.

मी म्हटले, “अण्णा, आणखी काही सांगायचं आहे का?” आणि थांबलो.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. या वेळी डोळे उघडे होते. मग त्यांनी हत्ती उचलून माझा घोडा घेतला. तो घोडा तिथे उघडा पडला आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

पुढचे सारे काही सुरळीत पार पडले असे नाही. त्याच रात्री मी भावाला फोन केला. तो चिडला, त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण अण्णांची संमती आहे असे त्याला मीच सांगितले होते. खोलीत माणूस ठेवून घर घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना. अखेर इसार परत करावा लागला, वर त्याचे चार शब्द ऐकावे लागले. गळके छप्पर आता आम्हीच दुरुस्त करतो आहोत, आणि त्या खर्चाचा विषय निघाला की भाऊ अजून फोनवर गप्प होतो. मी मिरजेला जाऊन मावशींना भेटलो. मोजणीवाले येऊन गेले होते, ते त्यांनी पाहिले होते. भांडीकुंडी बांधून ठेवली असतील असे मला वाटले होते. त्यांनी काहीच बांधले नव्हते. “अण्णा बोलल्यात नव्हं?” त्या म्हणाल्या. “मग ते इसरायचे न्हाईत.” त्यांना अण्णांच्या शब्दाची खात्री होती. त्या शब्दाच्या आड मध्येच कोणी बसला आहे, हे त्या बिचारीला काय माहीत!

खेळाचे म्हणाल तर, शिष्य म्हणतो की मी सुधारलो आहे. पहिल्या तीन महिन्यांत आकडा घसरून १९८७ वर आला. मोठे वाईट दिवस होते ते. सावकाश बघायला लागलो, तर तीन मिनिटे पुरेनात. नंतर हळूहळू बघण्याचीही सवय झाली, आणि आता मी २१६० च्या आसपास असतो. पहिल्या आकड्याहून फार पुढे नाही. पण हरलेला डाव मला आता उघडून पाहवतो. समोरच्याने खेळी केली की मी स्वतःला विचारतो, “याने हे का केले?” कॉलेजातही मोठी पंचाईत झाली आहे. परवा तोंडी परीक्षेत एक मुलगा उत्तर देताना अडखळला आणि मी थांबलो. शेजारच्या परीक्षकांना वाटले, मला डुलकी लागली. मुलाने मात्र उत्तर दिले. चुकीचे दिले, पण ते त्याचे स्वतःचे होते.

तीन मिनिटांचे डाव मी सोडलेले नाहीत. व्यसन ते व्यसन. रोज तीन होतात. कधी चौथाही होतो आणि दूध उतू जाते. रविवार सकाळ तेवढी अण्णांची. ते आता पूर्वीपेक्षा थोडे अधिक बोलतात. बरे झाले आहेत असे डॉक्टर म्हणत नाहीत. ते बोलतात, एवढेच.

हे लिहीत असताना आजही रविवार आहे. मघाशी मी अण्णांना म्हटले, “खेळी झाली की हाक मारा, तोवर दोन ओळी लिहितो.” त्याला पंधरा मिनिटे झाली. बायको आत्ताच डोकावून गेली. “कोण जिंकतंय?” तिने विचारले.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “खेळी अण्णांची आहे.”